बारा एकर, चार नावं

यवतमाळ जिल्हा, घाटंजी तालुका, बारा एकर कोरडवाहू वावर आणि त्यात एक विहीर. जानेवारी 2023 मध्ये घरचे बाबा गेले. मागे चार वारस: माय, थोरला, धाकला आणि बाई, म्हणजे लग्न होऊन गेलेली एकुलती एक लेक. तेरवीची पंगत उठली, सोयरे अजून अंगणातच होते, तेवढ्यात मामांनी विषय काढला, "बाई आलीच आहे तं हक्कसोडचं ठरवून टाका, पुन्हा तिले चक्कर कायले." आणि बाईनंच उत्तर दिलं, "मले काही नाई पाह्यजे मामा, माहं माहेर राह्यलं म्हंजे झालं." भांडण नाही, आवाज चढवणं नाही, चहा संपायच्या आत बाईच्या तीन एकराच्या हिश्श्याचा निकाल लागला.

थोरल्याची बायको आमच्या बचत गटात आहे म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं, आणि लिहायला घरच्यांची हरकत नाही. नावं आणि ओळख पटेल असं काही मी दिलेलं नाही. हे लिहायचं कारण असं की या घरात पुढच्या तीन-चार महिन्यांत निर्णय पूर्ण उलटा झाला, पण ज्या मूल्यावरून पहिला निर्णय घेतला त्याच मूल्यावरून दुसराही घेतला. माहेर टिकलं पाहिजे, घर फुटू नये. हे सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, पहिल्या दिवशी पण आणि शेवटच्या दिवशी पण. बदललं ते एवढंच की माहेर कशानं टिकते याबद्दलचा समज. कुटुंबातल्या निर्णयांबद्दल बोलताना आपण "संस्कार बदलले", "पिढी बदलली" असं चटकन म्हणून टाकतो, मला ते पटत नाही. संस्कार जागच्या जागी राहतात, त्याच्या खालचे समज हलतात, आणि ते कशानं हलतात ते बघण्यासारखं असते.

घरातली माणसं

थोरला 46 वर्षांचा. दहावीत नापास झाला आणि 1993 पासून वावरात आहे, वखरणी, डवरणी, फवारणी, बाजार सगळं त्याच्याच अंगावर. 2017 च्या गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा बँकेचं आणि कृषी केंद्राचं देणं त्यानंच दोन वर्षं फेडलं. तो लबाड माणूस नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण अशा प्रकरणात भावाला खलनायक करून मोकळं होणं फार सोपं असते आणि मग आपल्याला काहीच समजत नाही.

धाकला 38 चा, यवतमाळला पॉलिटेक्निक केलं, बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंपनीत आहे, पगार वेळेवर होते. बाई 41 ची, 2004 मध्ये लग्न होऊन दारव्ह्याकडे गेली, सासरी चार एकर, तेही बरडाचं, घरी शिलाई मशीन चालवते. माय पासष्टीच्या पुढची. आणि थोरल्याची बायको, जिला मी इथं वहिनी म्हणते. एक पोरगी आहे थोरल्याची, त्या वर्षी बारावीला होती, तिचाही यात मोठा वाटा आहे, तो पुढे येईल.

थोरल्याला घाई होती त्याचं कारण खरं होतं. बाबांच्या नावावर पीक कर्ज होतं, मुदतीच्या आत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत तीन लाखापर्यंत व्याज लागत नाही, आणि नवीन कर्ज उचलायचं तर सातबारावर वारस चढलेले पाहिजे. खरीप तोंडावर. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की कागद लवकर आणि सरळ झाला पाहिजे, आणि गावातल्या सगळ्यांच्या मते सरळ कागद म्हणजे बहिणीची हक्कसोड.

कायदा काय म्हणतो आणि घर काय म्हणते

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला, त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली तेवढ्या वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्रानं हिंदू वारसा कायदाच बदलला आणि लग्नाची अट राहिली नाही. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की 2005 मध्ये बाप जिवंत असो की नसो, मुलीचा हक्क जन्माचाच आहे. म्हणजे या बाईचं 2004 मध्ये लग्न लागलं तेव्हा तिचा हक्क होऊन दहा वर्षं झाली होती आणि मांडवातल्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं.

हिशोब पण सोपा आहे. वडिलोपार्जित जमिनीत बाप, माय आणि तीन लेकरं असे पाच हिस्से, बापाचा हिस्सा मग चौघांत, म्हणजे प्रत्येकी चौथाई. यातली काही जमीन बाबांनी स्वतः घेतलेली होती, तिची पण वाटणी चौघांत सारखीच. बारा एकर, प्रत्येकी तीन. तलाठ्याकडे वारसाचा अर्ज गेला तेव्हा चार नावंच लागली, त्यात कोणाची मेहरबानी नव्हती.

पण घरात कायदा हा शब्दच भांडणाचा समजतात. "कायद्यानं गेलं तं घर राह्यते काय?" हे वाक्य मी त्या दिवसांत थोरला, माय, मामा आणि स्वतः बाई अशा सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. बाईला विचारलं की तुला खरंच नको का, तर ती म्हणे नको. सासरी ओढाताण आहे, पोराची फी थकली आहे, तरी नको. कारण तिच्या मनात हिशोब पक्का होता: भाऊ महालक्ष्म्याला न्यायला येते, दिवाळीला साडी होते, तुरीची डाळ घरी पोचते, काही बरंवाईट झालं तर एक दार उघडं राहते, आणि हे सगळं त्या एका सहीवर उभं आहे. सही नाही दिली तर दार बंद. हा तिचा लोभ नव्हता आणि भाबडेपणाही नव्हता, गावात जे बघितलं त्यावरून बांधलेला अंदाज होता. ज्या बायका हिस्सा मागतात त्यांना "कोर्टवाली" म्हणतात हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं.

इथं एक आकडा सांगावासा वाटतो. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी साधारण 14 टक्के बायकांच्या नावावर निघाली. निंदण, वेचणी, सोंगणी कोण करते ते आपण सगळे बघतोच. एवढी मोठी दरी नुसत्या जबरदस्तीनं पडत नाही, ती बऱ्याच अंशी अशा राजीखुशीच्या सह्यांनी पडते.

मसुदा

घाटंजीच्या एका अर्जनवीसाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा तयार झाला आणि थोरल्याच्या मोबाईलवर त्याचे फोटो आले. थोरल्यानं पोरीला सांगितलं वाचून दाखव. ती वाचायला लागली, लिहून घेणार म्हणून दोन्ही भाऊ, लिहून देणार क्रमांक 1 बाई, आणि लिहून देणार क्रमांक 2 म्हणून आजीचं नाव. पोरगी तिथंच थांबली. म्हणे, "आजीचं काहून आहे?"

थोरल्यानंही ते सांगितलं नव्हतं. अर्जनवीसानं नेहमीप्रमाणे केलं होतं, बापाच्या मागे माय आणि बहीण दोघींची एकदमच सुटते म्हणून एकाच कागदात घेतात, पैसा आणि चक्कर वाचते. कोणाचा डाव नव्हता, आणि मला त्यातलं हेच जास्त लागलं. डाव असला तर पकडता येते. जे "नेहमीचंच" असते त्यात कोणाला काही चुकल्यासारखंच वाटत नाही.

बाईला फोनवर कळलं तेव्हा ती पहिल्यांदा अडली. तिचे शब्द मला वहिनीनं सांगितले आणि नंतर बाईनं स्वतःही तसेच सांगितले: "माहं घ्या, मी उद्या येऊन अंगठा देतो म्हनलं तरी देतो, पण मायचं कायले घेता? माय कुठं जाईन मंग?" थोरला म्हणाला की माय कुठं जाते, आमच्याजवळच राहते ना. बाई म्हणाली, "राह्यते तं नावावर राहू द्या ना तिच्या. तुमचं काय जाते?"

हे नीट बघण्यासारखं आहे. स्वतःच्या हक्काबद्दल त्याग हेच तिला चांगल्या बहिणीचं लक्षण वाटत होतं. पण तोच त्याग मायकडून मागितला तर तिला तो अन्याय वाटला, कारण मायच्या बाबतीत तिच्याकडे दुसरं मूल्य तयार होतं, म्हाताऱ्या माणसाला आधार पाहिजे, विधवेला हातात काहीतरी पाहिजे. दोन्ही मूल्यं तिच्यातच होती, आतापर्यंत एकमेकांसमोर आली नव्हती. मसुद्यातल्या क्रमांक 1 आणि क्रमांक 2 नं ती समोरासमोर आणली. आणि एकदा ती अडली की मग दुसराही प्रश्न आपोआप येते, मायला आधार म्हणून जमीन लागते तर मला काहून लागत नाही. हा प्रश्न तिनं लगेच विचारला नाही. तो वहिनीनं विचारला.

वहिनी

गावात अशी समजूत आहे की हक्कसोडीसाठी मागे लागणारी भावजयच असते. इथं उलटं झालं. वहिनीचं माहेर पांढरकवड्याकडचं, दोन भाऊ. 2014 मध्ये तिनं सही केली, थोरलाच तिला घेऊन गेला होता दुय्यम निबंधकाकडे. सहीच्या आधी दरवर्षी महालक्ष्म्याला एक भाऊ घ्यायला यायचा. सहीनंतर एक-दोन वर्षं आला, मग फोन यायला लागला की तूच ये, मग फोनही बंद. भांडण काही नाही. तिकडे गेलं तर जेवायला वाढतात. फक्त बोलावत नाहीत.

तिनं नवऱ्याला रात्री सांगितलं, आणि नंतर बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं: "सही नाई देल्ली तं माहेर तुटते म्हणता. माहं तं सही देऊन तुटलं. तुमी माह्यासंगं होते तवा, पाह्यलं ना तुमी?"

मी दोन्ही प्रकारची घरं बघितली आहेत, हिस्सा घेतल्यावर बोलणं बंद झालेली पण, आणि सही देऊनही विसरलेली पण. त्यामुळे माझं असं म्हणणं नाही की सही दिली की माहेर जातेच. पण सही दिल्यानं ते टिकते ही जी खात्री बाईच्या, मायच्या, मामांच्या मनात होती तिला आधार नव्हता, आणि तो आधार नाही हे त्याच घरातल्या, त्याच चुलीवरच्या माणसानं स्वतःचं उदाहरण देऊन दाखवलं. मी आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये 2005 चा कायदा किती वेळा सांगितला असेल, त्यानं या घरात काही हललं नव्हतं. वहिनीच्या दोन वाक्यांनी हललं. समज असाच बदलते, ज्याच्याशी रोजचं खाणंपिणं आहे त्याच्या अनुभवानं.

वहिनीला दुसरंही एक दिसत होतं, ते तिनं मला एकटीला सांगितलं. तिला पोरगी आहे. आज ननंदेचं जे होईल तेच दहा वर्षांनी पोरीचं होईल, आणि तेव्हा सही मागणारा वहिनीचाच पोरगा असेल. त्या पोरीनंच मसुदा वाचला होता.

हिशोब जो कोणी मांडला नव्हता

बैठक घरातच झाली, संध्याकाळी, धाकला बुटीबोरीहून आला होता, बाई आणि जवाई आले होते, मामा होते. वहिनीनं मला बोलावलं होतं आणि थोरल्यानं हो म्हटलं म्हणून मी गेले.

धाकल्याचं म्हणणं सरळ होतं. बाईचं लग्नात झालं, आता कशाचं. हे वाक्य विदर्भातच काय कुठल्याही घरात चालते, आणि कोणी उलटून विचारत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की कोणाचं किती झालं ते एकदा सांगा, लिहून घेते. मायला सगळं पाठ होतं. बाईच्या लग्नाला 2004 मध्ये 1 लाख 70 हजार लागले, त्यातले 51 हजार रोख सासरच्यांना. हुंडा 1961 पासून कायद्यानं बंद आहे, आणि त्या 51 हजारातला एक रुपया बाईच्या हाती आलेला नाही, पण तिच्या खात्यावर तो "दिला" म्हणून वीस वर्षं मांडलेला आहे. धाकल्याचं पॉलिटेक्निक त्याच सुमाराचं, फी, रूम, मेस धरून सव्वा लाखाच्या आसपास. पुढे 2011 मध्ये कापूस तेजीत होता तेव्हा बाबांनी त्याच्या बुटीबोरीच्या प्लॉटसाठी दोन लाख दिले. थोरल्याला रोख काही नाही, पण घर, बैल, बंडी, वापर सगळा त्याचाच.

म्हणजे धाकल्यावर बाईपेक्षा जास्त खर्च झाला होता. पण पोराचं शिक्षण हे बापाचं कर्तव्य, आणि पोरीचं लग्न हा तिचा हिस्सा, अशा दोन वेगळ्या वह्या घरात चालू होत्या, आणि दोन्ही वह्या लिहिणाऱ्याला आपण अन्याय करतोय असं कधी वाटलं नाही. धाकला चिडला, म्हणाला शिकलो म्हणून तर घराला पैसे पाठवले. ते पण खरं, दोन-तीन वर्षं पाठवले होते. तेही मी लिहून घेतलं.

मग डाळीचा हिशोब निघाला. बाईला इथून वर्षाला काय जाते? चाळीस-पन्नास किलो तूर, दोन साड्या, लेकरांचे कपडे, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं ओढूनताणून आठ-नऊ हजार. तीन एकर ठेक्यानं दिलं तर गावच्या दरानं एकरी दहा हजार, म्हणजे तीस हजार. बाई दरवर्षी तीस हजाराचं सोडून आठ हजाराचं घ्यायची आणि घेताना ओशाळी व्हायची, आणि भाऊ देताना दिलदार व्हायचा. थोरल्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की हे त्याला खरंच पहिल्यांदा दिसलं. तो म्हणाला, "मी तं मनानं देत होतो." देतच होता. त्याच्या मनाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मायचं मात्र वेगळंच निघालं. ती आधी हक्कसोडीच्याच बाजूनं होती. तिची भीती अशी की नावावर जमीन राहिली तर पोरं म्हणतील तुझं तू पाहा, आणि नाव सोडलं तर पोरं आपलं समजून खाऊ घालतील. म्हातारपणाची भाकर तिनं स्वतःला निराधार करून विकत घ्यायची ठरवली होती. बाबा शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे, लाल बिल्ला लावून फिरलेले, कापसाच्या आंदोलनात माय पण गेलेली. संघटनेनं लक्ष्मीमुक्ती सांगितली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून, कितीतरी गावांत लोकांनी केली. बाबांना ती पटलेली होती, भाषणात टाळ्या वाजवल्या होत्या, पण सातबारावर काही चढलं नाही, आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहिलं. पटणं आणि करणं यात एवढं अंतर चांगल्या माणसाच्याही घरात राहते.

बैठकीत हिशोब चालला असताना माय मधेच म्हणाली, "तुहा बाप म्हणे, भीक नको, हवे घामाचे दाम. माह्या घामाचे कोणी देल्ले?" पंचेचाळीस वर्षं तिनं त्या वावरात निंदलं आणि वेचलं. परक्या बाईला वेचणीचे किलोमागे 8-10 रुपये द्यावे लागतात, घरच्या बाईच्या किलोचा हिशोबच नसते. तिनं हे रागानं म्हटलं नाही. पण त्यानंतर तिचं नाव काढायचा विषय कोणी काढला नाही, मामांनी पण नाही.

काय ठरलं

हक्कसोड रद्द. सातबारावर चारही नावं राहतील. बाईचे तीन आणि मायचे तीन एकर थोरलाच वाहील. बाईला एकरी 6 हजार, म्हणजे वर्षाला 18 हजार, तूर विकल्यावर. हे गावच्या दरापेक्षा कमी आहे आणि ते बाईनंच कमी केलं, मी तिला दहा म्हण असं सुचवलं होतं पण ती ऐकली नाही, तिचं म्हणणं की भाऊ राबते, त्याला परक्यासारखं कसं लावू. मला आधी ते खटकलं, आता नाही खटकत. हक्क सोडणं वेगळं आणि हक्क नावावर ठेवून सवलत देणं वेगळं. पहिल्यात ती मागणारी होती, दुसऱ्यात देणारी आहे.

थोरल्याची सगळ्यात मोठी भीती होती की उद्या जवाई बाईचा हिस्सा परक्याला विकेल आणि वावराच्या मधोमध भलताच माणूस येईल. या भीतीला वारसा कायद्यातच उत्तर आहे, कलम 22, एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांचा घ्यायचा पहिला हक्क असतो, आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलं. हे सांगितल्यावर थोरला बराच मोकळा झाला. जवाई तोवर बाहेर खाटेवरच बसला होता, त्याला आत बोलावून हेच सांगितलं, तो म्हणाला माह्यं काही म्हणणं नाही. गावात अशा वेळी जवायाला संशयानंच बघतात, या माणसानं एकदाही तोंड घातलं नाही, हेही नोंदवून ठेवायला पाहिजे.

धाकल्याला निर्णय मान्य नव्हता. त्यानं आपले तीन एकर वेगळे काढून द्या म्हटलं. तो त्याचा हक्क आहे, त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही.

पुढे काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. चार नावं चढल्यावर बँकेत थोरल्याची मर्यादा कमी झाली, कारण त्याच्या स्वतःच्या नावावर आता तीनच एकर, मायच्या आणि बाईच्या हिश्श्यावर कर्ज उचलायचं तर त्यांच्या संमतीच्या सह्या लागतात. बाई दारव्ह्याहून एसटीनं आली, एक दिवसाची शिलाई बुडवून, सही करून गेली. गावातले काही लोक अजून म्हणतात की हक्कसोड घेतली असती तर ही कटकट नसती. कटकट आहे, खरंच आहे. पण माझ्या मते ही कटकट योग्य माणसाला विचारावं लागण्याची आहे, आणि ती असलीच पाहिजे.

2023-24 चा कापूस 7,020 च्या हमीभावाच्या खाली गेला, तूर मात्र चांगली विकली, नऊ-दहा हजारांपर्यंत. थोरल्यानं फेब्रुवारीत बाईचे 18 हजार पूर्ण दिले. त्यातून तिनं पोराची थकलेली फी भरली. पुढच्या वर्षी सोयाबीन 4,892 चा हमीभाव असून बाजारात चार हजाराच्या आसपास गेलं, तूर उतरली, थोरल्यानं फोन केला की यंदा जमत नाही. बाईनं 12 हजार घेतले. कागद करताना "पीक बुडालं तर दोघं मिळून ठरवतील" असं एक वाक्य आम्ही घातलं होतं, ते कामी आलं. कोरडवाहू भागात अशी तडजोड लिहिताना हे वाक्य घालाच, नुसती रक्कम लिहिली तर दुसऱ्याच वर्षी भांडण होते.

मायच्या नावानं पीएम किसानचा आणि नमो शेतकरीचा अर्ज भरला, वारसानं जमीन आली असेल तर तो भरता येते. तिचं स्वतःचं बँक खातं आमच्या गटामुळे आधीच होतं. जेवणखाण थोरल्याकडेच, जसं आधी होतं तसंच. तिच्या नावावर जमीन राहिली म्हणून तिचं ताट कोणी वेगळं केलं नाही.

बाई त्या वर्षी महालक्ष्म्याला आली, थोरला स्वतः गाडीवर जाऊन घेऊन आला. धाकला आला नाही, त्याची बायको आणि लेकरंही नाही. तो माझ्याशी बोलतो, बाईशीही फोनवर बोलतो, थोरल्याशी नाही. त्याचा राग बहिणीच्या हिश्श्यावर आहे की त्या दिवशी सगळ्यांसमोर प्लॉटच्या दोन लाखांचा विषय निघाला त्यावर आहे, मला वाटते दुसरं. पैशाच्या हिशोबात माणूस नरम होऊ शकते, पण आपण घरासाठी जे केलं ते कमी मोजलं गेलं असं वाटलं की तो फार दिवस धरून बसते. तो हिशोब आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून मग सगळ्यांसमोर मांडायचा असं पुढच्या घरात करायला पाहिजे, ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी हे लक्षात घ्या.

भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरून झाले आहेत. धाकल्याला रस्त्याकडचा तुकडा पाहिजे, थोरला म्हणतो रस्त्याकडचं सगळं एकालाच कसं. विहीर मायच्या हिश्श्यात ठेवायची यावर दोघंही राजी आहेत, पाणी तिघांनाही लागते. पाण्याची पाळी कशी लावायची ते माय ठरवणार आहे, तसं दोघांनीही कबूल केलं आहे, पण मोजणी होऊन हद्दीचे दगड लागल्याशिवाय ती काही बोलायला तयार नाही.